जुन्या कागदांत बाईचं नाव



आज बचत, हप्ता, अंतर्गत कर्ज यातलं काही बोलायचं नाही. आज बोलायचंय जुन्या कागदांबद्दल. "हे काय आपल्या कामाचं?" म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण जुन्या कागदाशी आपली गाठ पडते ती नेमकी घाईच्या वेळी. लेकीची बारावी झालेली असते, पुढच्या शिक्षणाला नंबर लागलेला असतो आणि जात पडताळणीसाठी पुरावा मागतात. तडवी, पावरा, भिल्ल, टोकरे कोळी अशा घरांतल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीची नोंद मिळाली तर ती सगळ्यात मोलाची. म्हणजे आजोबाची, नाहीतर पणजोबाची.

मग शोध सुरू होतो. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. कोतवाल बुक बघा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या, फी भरा, नक्कल मागा. पान निघालं तर त्याला कसर लागलेली, आणि कसरीतून वाचलेलं अक्षर मोडी. ज्याला मोडी येते त्याचा पत्ता विचारत परत दुसऱ्या गावाला जा.

आणखी एक गोष्ट नवीन मुलींना माहीत नसते. जुन्या कागदावर जिल्हा जळगाव असं लिहिलेलं नसतं, "पूर्व खानदेश" असतं. १९०६ मध्ये इंग्रजांनी एका खानदेशाचे दोन जिल्हे केले. पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळे. नंदुरबार तर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणून आजोबाच्या दाखल्यावर "पू. खा." दिसलं तर घाबरू नका. तो आपलाच जिल्हा आहे.

आमच्या एका गटातल्या ताईच्या घरी हे सगळं होऊन कागद मिळाला. सासऱ्याच्या वडिलांची नोंद निघाली, लेकीचं काम झालं, घरात पेढे वाटले. ताई मात्र त्या नकलेकडे बघत बसली. त्याच पानावर आणखी एका बाळाची नोंद होती, "मुलगी" एवढीच. नाव नाही. आणि बाळ ज्या बाईला झालं तिचंही नाव नाही, फक्त बापाचं. "आमच्या पणजीसासूचं नाव काय होतं, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही," ताई म्हणाली. त्या बैठकीत आम्ही सगळ्यांना विचारलं, आजीच्या आईचं नाव किती जणींना माहीत आहे? हात फारच थोडे वर झाले. तुम्हीही आत्ता मनात आठवून बघा.

तेव्हा ठरवलं की जुने कागद जिथं मुद्दाम जपून ठेवतात ती जागा एकदा पाहायची आणि तिथं बाई कुठं सापडते का ते विचारायचं. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नव्हती. आपल्या धुळ्यात अशा जागा आहेत. जळगावहून एसटीनं निघालो. वाटेत एरंडोल लागलं. या एरंडोलला आणि तिकडे यावलला एके काळी हातकागद बनायचा आणि तो नावाजलेला होता. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. आपण खानदेश म्हटलं की कापूस आणि केळी सांगतो, कागद कुणी सांगत नाही.

धुळ्याला पहिली जागा म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ. राजवाडे हे नाव शाळेत ऐकलेलं असतं, पण ते धुळ्याला वारले हे आमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नव्हतं. ३१ डिसेंबर १९२६ ही तारीख. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या नावानं हे मंडळ काढलं. मंडळाचं 'संशोधक' हे त्रैमासिक धुळ्यातूनच निघतं. पोथ्या-कागदांबरोबर तिथं जुन्या दगडी मूर्तींचा संग्रहही आहे.

या माणसानं केलं काय, तर जन्मभर कागद गोळा केले. लवकर बायको वारली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि गावोगाव हिंडत राहिले. देशमुख-देशपांड्यांचे वाडे, मठ, देवळं, माळ्यावरच्या पेट्या, जिथं जुना कागद असल्याचं कळेल तिथं जायचं, मालकाच्या विनवण्या करायच्या, तिथंच बसून उतरवून घ्यायचं. कुणी देत, कुणी दारातून परत पाठवत. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे २२ खंड झाले. पहिला खंड १८९८ चा. त्याआधी इतिहास म्हणजे बखरीत लिहिलेलं आणि इंग्रजांनी सांगितलेलं. राजवाडे म्हणाले, त्या वेळी लिहिलेलं मूळ पत्र दाखवा, मग बोलू. आपण बैठकीत म्हणतो ना, तोंडी सांगू नको, पावती दाखव? तसंच.

आम्हाला सगळ्यात मजा वाटली ती शब्दांची. मोडी कागदांचा गठ्ठा कापडात बांधून ठेवतात, त्याला म्हणतात रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हटल्यावर आमच्यातल्या एकीनं कमरेचा हातरुमाल काढून दाखवला आणि जो हशा पिकला, तो अजून बैठकीत निघतो. पोथी शिवलेली नसते, सुटी पानं असतात. वर-खाली लाकडाची फळी, भोवती कापड, त्यावर दोरी. शाई काजळाची, लेखणी बोरूची. काजळाची शाई दोन-तीनशे वर्षांनीही काळीभोर राहते. आणि आपल्या बॉलपेनचं अक्षर? आमच्या सगळ्यात जुन्या गटाच्या पहिल्या वहीची काही पानं आत्ताच फिकट पडलीत.

दुसरी जागा श्री समर्थ वाग्देवता मंदिर. नावात मंदिर आहे, पण जपलेली आहेत ती अक्षरं. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्यातले वकील. १८९३ मध्ये त्यांनी इथं सत्कार्योत्तेजक सभा काढली, आणि पुढं मठामठांतून फिरून रामदासी संप्रदायाच्या पोथ्या जमवल्या. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. समर्थांच्या हातचं म्हणून मानलं जाणारं वाल्मीकी रामायणही या संग्रहात जपलेलं आहे. अक्षर बघितलं तर एका ओळीत, सारख्या उंचीचं, जणू कुणी मोती ओवलेत.

रामदासी परंपरेचं नाव निघालं की आम्हाला वेणाबाई आठवतात. लहानपणीच विधवा झालेली मुलगी. त्या काळात तिनं वाचायला शिकावं, लिहावं, कीर्तन करावं, मिरजेचा मठ सांभाळावं, हे साधं नव्हतं. तिनं 'सीतास्वयंवर' लिहिलं. ते आज वाचता येतं, कारण तिच्यामागं कुणीतरी बसून त्याच्या नकला केल्या. छापखाना नव्हता. एकानं लिहिलं आणि दुसऱ्यानं उतरवलं नाही, तर पहिली प्रत पावसात गेली की सगळंच गेलं. तिच्याही चारशे वर्षं आधी महानुभाव पंथातली महदंबा होऊन गेली, 'धवळे' रचणारी. मराठीतली पहिली कवयित्री तिलाच म्हणतात. तिचे धवळे म्हणजे लग्नातली गाणी. आपण हळदीला म्हणतो त्याच जातीची, पण लिहून ठेवलेली म्हणून उरली.

आता ज्यासाठी गेलो होतो त्याकडे येतो. मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांना आम्ही सरळ विचारलं, "या कागदांत बाया कुठं आहेत?" त्यांनी सांगितलं ते असं. राजघराण्यातल्या, सरदारांच्या घरातल्या बायांची पत्रं पुष्कळ आहेत. अहिल्याबाई होळकरांचा कारभारच पत्रांवर चालायचा. गोरगरिबाच्या घरातली बाई मात्र कागदावर येते ती भांडणात, वारसात, नाहीतर विक्रीत. नवरा मेला, शेत कुणाचं? कर्ज झालं, दागिना कुणाकडे? तिथं ती येते, तीही "अमक्याची बायको" म्हणून. आणि खाली सही करायची वेळ आली की ज्याला लिहिता येत नाही तो निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर. कागदावर छोटासा नांगर काढायचा, आणि कारकून बाजूला लिहायचा, "निशाणी नांगर". बाईची निशाणी बांगडी.

म्हणजे कागदावर एक गोल.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी, ज्या अजून अंगठाच देतात, त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "बांगडी कोनी काढेल शे? तिनी का कारकूननी?" बांगडी कुणी काढली, तिनं की कारकुनानं? जाणकार हसले, म्हणाले, आजी, हा प्रश्न चांगला आहे. आम्हालाही वाटतं की हाच खरा प्रश्न आहे. गोल तिनं काढला असेल, तर निदान तिला माहीत होतं की कागद आपल्या नावाचा आहे. कारकुनानं काढला असेल, तर ती तिथं होती की नव्हती तेही कळायला मार्ग नाही. आज तरी काय वेगळं आहे? वारस नोंदीच्या वेळी, हक्कसोडपत्राच्या वेळी, "इथं सही कर" म्हणून आपल्यापुढं कागद सरकवतात, तेव्हा किती जणी वाचून सही करतात? २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीलाही लेकाइतकाच हक्क आहे. पण फेरफारात आपलं नाव लागलं की कमी झालं, हे आपण तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना ६ मध्ये बघत नाही.

अशा संग्रहात जायला भीती वाटते, म्हणून तिथले नियम सांगून टाकतो. विद्यापीठाचं ग्रंथालय असो, जुनं वाचनालय असो, दुर्मिळ पुस्तकांचा विभाग वेगळा असतो. ती पुस्तकं घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायची. आधी फोन करून किंवा अर्ज देऊन जायचं, काय बघायचं आहे ते सांगायचं, ओळखपत्र न्यायचं. पिशवी बाहेर ठेवावी लागते. पेन चालत नाही, पेन्सिल न्या, शाईचा एक ठिपका पडला तर तो कायमचा. हात धुऊन कोरडे करून बसा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची आपल्याला फार सवय आहे, ती तिथं नको. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. एवढं पाळलं तर "तुम्ही कशाला आलात?" असं कुणी म्हणत नाही. आम्हाला तरी कुणी म्हटलं नाही.

एक गंमत बघा. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावरचा मनोरा राजाबाईच्या नावाचा आहे. देणगी देणारे प्रेमचंद रायचंद, त्यांची ती आई. आणि आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

बहिणाबाई आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आसोद्याची लेक, जळगावची सून, १८८० चा जन्म. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या जुळवायची. पण तिची गाणी आपल्यापर्यंत आली कशी, हे आपण फार बोलत नाही. तिचा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ, यांनी जमेल तेव्हा ती टिपून ठेवली होती. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. ती वही हरवली असती तर? जी टिपली गेली नाहीत अशी किती गाणी तिच्याबरोबर गेली असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

याच खानदेशात दुसरं उदाहरण आहे. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलायचे, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजी लिहून घ्यायचे. तीच आज देशभर वाचली जाणारी 'गीता प्रवचने'. बोलणारा मोठा होताच, पण समोर वही घेऊन बसलेला माणूस नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते.

आता आपल्या वह्यांकडे येऊ. आपल्या गावात सगळ्या बायांची नावं, बायांनीच लिहिलेली, असा कागद गटाच्या आधी होता का? मतदार यादीत नावं आहेत, पण ती दुसऱ्यानं लिहिलेली. आपलं ठराव बुक, हजेरी, रोखवही, खातेवही, यांत बाई स्वतःच्या नावानं आहे. ती किती भरते, कशासाठी कर्ज मागते, कोण कुणाच्या विरोधात बोललं, सगळं आहे. २००८ सालचं एक ठराव बुक आम्ही काढलं. पहिल्या पानावर चौदा अंगठे आणि दोन सह्या. पुढं पुढं अंगठे कमी होत जातात. एका सहीत "सुनंदा" चं "सूंनदा" झालंय, खोडलंय, पुन्हा लिहिलंय. आम्हाला ते पान दासबोधाच्या पोथीपेक्षा कमी वाटत नाही. कुणाला हे फार वाटलं तर वाटू द्या.

आणि या वह्यांचं आपण काय करतो? सचिव बदलली की वही तिच्याच घरी राहते. घराचं काम निघालं की गच्चीवर जाते, दिवाळीत रद्दीत. मागं एका गटाला एका बँकेच्या शाखेतून जुन्या कर्जाची थकबाकी निघाल्याची नोटीस आली. कर्ज फेडून कित्येक वर्षं झालेली. शाखेत नवे साहेब, त्यांना काही माहीत नाही. पहिल्या अध्यक्षताईनं पीठाच्या डब्यामागं प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, शेवटच्या हप्त्याची पावती आणि ठराव बुक जपलं होतं. तिन्ही नेऊन टेबलावर ठेवली, प्रकरण तिथंच मिटलं. दुसऱ्या एका गटाकडे कागद नव्हता. त्या बायांनी पदरचे पैसे भरले.

जपायला खर्च नाही, फक्त लक्ष लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून खळ काढून धुतलेलं जुनं सुती कापड घ्या आणि त्यात बांधा. जमिनीवर, भिंतीला चिकटून ठेवू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, पोथ्यांशी हेच ठेवायचे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट उचकटते. जुन्या कागदाला लॅमिनेशन तर मुळीच नको, एकदा केलं की कागद त्यातून परत निघत नाही. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या, कडक उन्हात नको. फोटो काढून दोन मोबाइलमध्ये ठेवा, पण फोटो आहे म्हणून वही टाकू नका.

घरात पोथी असेल, आजेसासऱ्याचा मोडी दस्त असेल, तर तो विकू नका, नदीत सोडू नका. पोथी हाताने लिहिलेली आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी असेल तर सरकारच्या हस्तलिखितांच्या योजनेत तिला हस्तलिखित म्हणून किंमत आहे. २००३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू झाली. कागद देऊन टाकायचा नसेल तर नुसता दाखवा, नोंद करून घ्या, तो तुमचाच राहतो. मोडी शिकायचं असेल तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग निघतात, त्यांची माहिती आम्ही काढून ठेवतो. आमच्या दोन मुलींनी नावं दिलीत. त्यातली एक म्हणते, शिकले की सगळ्या गावाचे दस्त वाचून देईन, पानाला वीस रुपये घेईन. घे बाई, जरूर घे.

तर पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपली सगळ्यात जुनी वही घेऊन यायची आहे. आम्ही लोखंडी कपाट मोकळं करून ठेवलं आहे, किल्ल्या दोन, दोघींकडे. वहीवर क्रमांक टाकू, कुठल्या सालची, कुणी लिहिली ते लिहू. आणि आणखी एक कोरी वही ठेवणार आहोत. त्यात प्रत्येकीनं आपल्या आईचं, आजीचं आणि पणजीचं नाव लिहायचं, माहेरचं आणि सासरचंही. माहीत नसेल तर या महिन्यात मोठ्या माणसांना फोन करून विचारा. ज्या अंगठा देतात त्यांचं नाव शेजारची लिहील, पण त्या समोर बसल्या असतील तेव्हाच.